सेवाक्षेत्राचे खरे उत्पादन : मावळातून दिसणारा हिशेब

(लोणावळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे लेखरूप)

वर्गाच्या चालकांनी मला 'महाराष्ट्राची अर्थव्यवस्था' असा ऐसपैस विषय दिला होता. तुमच्या अनुमतीने तो मी लहान करून घेतो आणि एकाच प्रश्नापुरते बोलतो. राज्य सरकारची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर प्रसिद्ध होते. तिच्यात अलीकडच्या वर्षांत एक गोष्ट ठरलेली असते : राज्याच्या उत्पन्नातील सुमारे ६० टक्के वाटा सेवाक्षेत्राचा आणि शेतीचा जेमतेम आठवा हिस्सा. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे शेतकरी व शेतमजूर अशी नोंदली गेली. या दोन आकड्यांच्या विसंगतीवर आपण पुष्कळ भाषणे केली आहेत. मीही केली आहेत. परंतु तो ६० टक्क्यांचा आकडा कोण काढतो, कसा काढतो आणि त्यात नेमके काय मोजलेले असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. तो विचारावयास लोणावळ्यासारखे गाव नाही. येथील निम्मा बाजार सेवा विकतो, आणि सेवा घ्यावयास दर शनिवारी अर्धी मुंबई घाट चढून येते.

भाताचे उत्पादन मोजणे त्या मानाने सोपे आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेले इंद्रायणी भात तुमच्यापैकी अनेकांच्या खाचरात असेल. पीककापणी प्रयोगात खाचराचा ठरावीक तुकडा आखतात, कापतात, झोडतात आणि वजन करतात. चूक होते, पण जे मोजावयाचे ते डोळ्यांसमोर असते. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचीही वार्षिक पाहणी होते आणि कारखाना ज्या गावात आहे त्याच गावात तो मोजला जातो. आता तुंगार्लीतील एखाद्या बंगल्यावरचा रखवालदार घ्या. रात्रभर जागून पहाटे सहाला तो घरी गेला. त्याने काय निर्माण केले? झाली नाही ती चोरी! ती कोणत्या मापाने मोजावयाची?

हा प्रश्न थट्टेचा नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न २० रुपये काढले, तेव्हा त्यांनी सेवा हिशेबात धरल्याच नव्हत्या. शेती, खाणी, मीठ, कारागिरी असे जे हातात धरता येते तेवढेच त्यांनी मोजले. सोव्हिएत संघाचा आणि पूर्व युरोपचा हिशेबही भौतिक उत्पादनाचाच होता. शिक्षक आणि डॉक्टर त्यात बसत नसत. चीनने ती पद्धत १९९३ मध्ये सोडली. आपल्याकडे १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबिस अध्यक्ष, आपल्या पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. या तिघांनी सेवांना हिशेबात स्थान दिले, आणि ते योग्यच झाले. बाळंतपण करणारी सुईण अनुत्पादक आणि विडी वळणारी बाई उत्पादक, हा भेद मला कधीच पटला नाही. आपल्यापैकी ज्या साथींना तो अजून पटतो, त्यांच्याशी चहाच्या वेळी वाद घालीन.

स्थान दिले, पण माप? येथे खरा गुंता सुरू होतो.

ज्या सेवेची बाजारात विक्री होत नाही, तिचे उत्पादन तिच्यावरील खर्चाइतके मानतात. सरकारी कचेरीचे उत्पादन म्हणजे मुख्यतः तेथील पगार. घरकाम करणाऱ्या बाईचे उत्पादन म्हणजे तिला मिळालेली मजुरी. याचे परिणाम ध्यानात घ्या. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी वाटली गेली, त्या २००८-०९ साली देशाच्या हिशेबात सामाजिक व सार्वजनिक सेवांची भरघोस वाढ दिसली. त्या वर्षी तलाठ्याने दुप्पट उतारे दिले नव्हते, की शिक्षकाने दुप्पट तास घेतले नव्हते. आता याच्या उलट पाहा. कोणत्याही नगरपरिषदेचे उदाहरण चालेल. कायम झाडूवाला निवृत्त झाला, त्याच्या जागी ठेकेदाराचा माणस तिसऱ्या हिश्शाच्या मजुरीवर आला. रस्ता तोच, झाडू तोच, कचरा तर दरवर्षी वाढताच. परंतु हिशेबाच्या वहीत त्या रस्त्याच्या सफाईचे मोल घटले. ठेकेदाराचा नफा मिळविला तरी घटले. ठेका देण्याचा हेतूच तो असतो.

म्हणजे येथे मजुरी हेच उत्पादनाचे माप आहे. आणि मग कोणी विद्वान त्याच आकड्यांवरून सांगतो की, या कामगारांची उत्पादकता कमी आहे, सबब त्यांची मजुरी कमी आहे. साथींनो, हा तर्क नव्हे, हे घाण्याचे फिरणे आहे. मजुरी कमी म्हणून उत्पादन कमी लिहिले. उत्पादन कमी लिहिले म्हणून मजुरी कमी ठेवली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात २००८ साली झाला. तो व्हावा म्हणून झगडलेल्या स्त्रियांना हा युक्तिवाद वाटाघाटीच्या टेबलावर ऐकावा लागला असेल, यात मला शंका नाही. त्याला उत्तर आकड्यांच्या मुळाशी जाऊनच द्यावे लागेल.

विक्री होणाऱ्या सेवांत माप वेगळे असते, पण गोम तीच. हॉटेलचे मूल्यवर्धन म्हणजे गिऱ्हाइकाकडून आलेल्या रकमेतून भाजी, गॅस, वीज, साबण इत्यादींचा खर्च वजा जाता जे उरते ते. त्यात मजुरीही आली आणि मालकाचा नफाही. समजा, बाजारातील एका जुन्या लॉजमध्ये खोलीचे भाडे ८०० रुपये आहे आणि डोंगराच्या कडेवरील आलिशान हॉटेलात ८,००० रुपये. दोन्हीकडे चादर बदलणारी, न्हाणीघर घासणारी बाई बहुधा एकाच वाडीतली. चादर तेवढीच लांब, फरशी तेवढीच ओली. परंतु दरडोई मूल्यवर्धन काढले की दुसऱ्या ठिकाणची बाई काही पटींनी 'उत्पादक' ठरते. तिची मजुरी तेवढ्या पटींनी वाढते काय? तुम्हीच सांगा, तुमच्या घरच्या माणसांनी तेथे कामे केली आहेत. उत्पादकता कमी दिसली की ती कामगाराच्या माथी. जास्त दिसली की ती जागेची, दृश्याची, मालकाच्या नावाची. मुळात त्या आकड्यात भाडे, नफा आणि टंचाईचा लाभ मिसळलेला असतो; कामगाराच्या श्रमाचे तो माप नाहीच.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण पुण्याचे आहे. हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. नफा घ्यावयाचा नाही आणि कष्टकऱ्याला पोटभर, स्वस्त जेवण द्यावयाचे, हे तिचे सूत्र. त्या भाकरीने जेवढी भूक भागते तेवढीच द्रुतगती मार्गावरच्या उपाहारगृहातील भाकरीने भागते, किंबहुना काहीशी कमीच. पण राज्याच्या उत्पन्नात दुसऱ्या भाकरीचे वजन कितीतरी जास्त. नफा न घेणारी संस्था राष्ट्रीय उत्पन्नाच्या दृष्टीने आळशी ठरते! हे हिशेब करणाऱ्यांचे पाप नाही. किंमत हेच त्यांचे माप आहे. परंतु त्या मापाला 'खरे उत्पादन' म्हणताना आपण तरी अडखळले पाहिजे.

'खरे' हा शब्द अर्थशास्त्रात महागाई वगळून, म्हणजे स्थिर किंमतींना, या अर्थाने वापरतात. येथे आणखी एक पेच आहे. चहाच्या टपरीची विक्री गेल्या वर्षी १०० होती, यंदा ११५ झाली. यात चहा किती वाढला आणि भाव किती वाढला? ते कळावयास चहाच्या भावाचा निर्देशांक हवा. तो असला तरी 'कटिंग'चा पेला दर दोन वर्षांनी लहान होतो, त्याची नोंद कोण ठेवणार? आपल्याकडे बहुसंख्य सेवांना स्वतःचा किंमत-निर्देशांक नव्हता. २०११-१२ हे वर्ष पायाभूत धरून जी मालिका २०१५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली, तिच्यातही पुष्कळ सेवांची रक्कम सर्वसाधारण ग्राहक निर्देशांकाने किंवा घाऊक निर्देशांकाने भागली जात असे. घाऊक किंमतींच्या निर्देशांकात सेवा नावालाही नसतात; त्यात खनिज तेल, धातू, रसायने, कापड. २०१५-१६ मध्ये जागतिक बाजारात तेल स्वस्त झाले आणि तो निर्देशांक खाली आला. म्हणून लोणावळ्यातील खोल्यांची भाडी उतरली असे कोणी म्हणेल काय? पण खाली आलेल्या आकड्याने भागले की भागाकार फुगतो आणि त्या फुगवट्याला आपण वाढ म्हणतो. पावसाळ्यातील शनिवारचे भाडे तिप्पट झाले, तर तेही याच वाटेने काही अंशी 'खऱ्या' उत्पादनात शिरते. खोल्या तेवढ्याच, चादरी तेवढ्याच.

आता असंघटित सेवांकडे वळू, कारण मावळाचा खरा संसार तेथे आहे. टपरी, रिक्षा, चिक्कीच्या दुकानातील पोरे, भाजे-कार्ल्याच्या पायथ्याची पिठले-भाकरीची घरे. यांच्या वह्या नसतात. म्हणून किती माणसे अशा कामात आहेत याचा अंदाज एका पाहणीतून घेतात, दरडोई मूल्यवर्धन दुसऱ्या पाहणीतून घेतात, आणि दोहोंचा गुणाकार करतात. २०११-१२ च्या मालिकेत मालक, पगारी नोकर आणि घरचा मदतनीस यांना वेगवेगळे भार देऊन ही पद्धत काहीशी सुधारली. पण तो गुणाकार उभा होता २०१०-११ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर. पुढील वर्षांसाठी संघटित क्षेत्राचे, करवसुलीचे वगैरे आकडे ज्या गतीने वाढले, त्याच धोरणाने टपरीही वाढली असे धरले गेले. साध्या काळात हे चालून जाते. परंतु नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. या तिन्ही वेळी मोठा सावरला आणि लहान बुडाला, हे आपण डोळ्यांनी पाहिले. असंघटित उद्योगांची पाहणी झाली होती २०१५-१६ मध्ये. त्यानंतरची पूर्ण वर्षाची पाहणी २०२१-२२ मध्ये झाली. नेमक्या घावाच्या वर्षांत मोजणारा घरी बसलेला होता, आणि बुडणाऱ्याची उंची पोहणाऱ्यावरून ठरविली जात होती. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणनाही वेळेवर झाली नाही. २०२१-२२ नंतर या पाहण्या पुन्हा नियमित होऊ लागल्या आणि केंद्राने २०२२-२३ हे नवे पायाभूत वर्ष घेण्याचे ठरविले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि गेलेल्या वर्षांची नोंद कोणी भरून देणार नाही.

मोठ्या कंपन्यांचे आकडे तरी पक्के असतील, असे तुम्हाला वाटेल. सेवाक्षेत्रातील कंपन्यांची २०१६-१७ मध्ये खास पाहणी केली गेली, तेव्हा नोंदवहीतून निवडलेल्या एकतृतीयांशाहून अधिक कंपन्या एक तर सापडल्या नाहीत, किंवा नोंदीत एक धंदा आणि प्रत्यक्षात दुसराच, अशा निघाल्या. शिवाय राज्याचा प्रश्न वेगळाच आहे. कंपनीचा ताळेबंद सबंध कंपनीचा असतो. लोणावळ्यातील हॉटेलची मालक कंपनी दिल्लीत नोंदलेली असेल, तर येथील शाखेचे मूल्यवर्धन वेगळे दिसत नाही. देशाचा एकूण आकडा काही खुणांच्या आधारे राज्याराज्यांत वाटला जातो. रेल्वे, बँका, दूरसंचार यांचे तर वाटप दिल्लीहूनच येते. मुंबईतील आपले अर्थ व सांख्यिकी संचालनालय राज्याचे आणि जिल्ह्यांचे आकडे काढते, त्यातील मोठा भाग असा वाटून आलेला असतो. मावळाला यात नवल वाटू नये. टाटांच्या वळवण, शिरवता या तलावांत पाऊस मावळाचा पडतो, १९१५ पासून वीज खाली खोपोलीला होते आणि दिवा मुंबईत लागतो.

हा केवळ पंडितांचा वाद असता, तर मी तुमची सकाळ घेतली नसती. राज्याने किती कर्ज काढावयाचे त्याची मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या टक्केवारीत ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचे वाटे ठरविताना दरडोई उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भार दिला. म्हणजे आकडा फुगला तर महाराष्ट्राचा वाटा घटतो आणि कर्जाची मुभा वाढते. शाळा आणि दवाखाने उधारीवर चालविण्याची ती सोय आहे. ज्या मंत्र्यांना 'पहिला क्रमांक' मिरवावयाचा असतो, त्यांना ही दुसरी बाजू कोणी विचारीत नाही.

जे मोजलेच जात नाही, त्याविषयीही बोलले पाहिजे. मागच्या पावसाळ्यात भाज्याला एका घरी पिठले-भाकरी खाल्ली. मी विचारले, "मावशी, दिवसाला किती भाकऱ्या होतात?" त्या म्हणाल्या, "रविवारी दोन पायल्या पीठ जातं. मंगळवारी चूलबी पेटत न्हाई." मग मी पाहणी करणाऱ्यासारखा विचारले, "तुम्ही काम काय करता?" लगेच उत्तर आले, "मी घरीच असते की." साथींनो, हे वाक्य जशास तसे पाहणीच्या कागदावर उतरले, तर दोन पायल्या पिठाचे उत्पादन राज्याच्या हिशेबातून नाहीसे होते. आणि तीच भाकरी नवऱ्याच्या ताटात पडली, तर ती नियमानेच हिशेबाबाहेर. घरकामाला ठेवलेल्या बाईशी मालकाने लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूचे जुने कोडे पदवीच्या वर्गात सांगितले की मुले हसत. मुली हसत नसत, हे मला फार उशिरा लक्षात आले.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. सहलीचा खर्च उत्पन्नात येतो, रुग्णवाहिकेचे भाडेही येते. गेलेला जीव वजा होत नाही. आणि दरीत, पाण्यात उतरून माणसे शोधणारे शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक? ते पैसे घेत नाहीत, म्हणून त्यांचे उत्पादन शून्य. उलट, मावळातील खाचर विकले गेले, तर जमिनीची किंमत उत्पन्न नसते, पण दलालाची दलाली 'स्थावर मालमत्ता सेवा' म्हणून उत्पन्नात जमा होते. भात पिकविणे थांबले, दलाली मोजली गेली, सेवाक्षेत्र वाढले.

तर मग हे आकडे फेकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. गाडगीळांसारख्या माणसाने ज्यासाठी आयुष्याची वर्षे घातली, त्या कामाला लबाडी म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. संचालनालयातील कर्मचारी अपुऱ्या साधनांनिशी काम करतात; तेथेही रिक्त जागा भरत नाहीत आणि ठेक्याने माणसे घेतात. आपली मागणी नेमकी हवी. जिल्हा उत्पन्नाच्या आकड्याबरोबर त्यातील किती भाग येथे प्रत्यक्ष मोजला आणि किती वरून वाटून आला, हे छापले जावे. हॉटेल, प्रवास, दुरुस्ती, शिकवणी अशा सेवांचे किंमत-निर्देशांक राज्यपातळीवर व्हावेत. आणि किमान वेतनाच्या चर्चेत 'उत्पादकता' हा शब्द कोणी काढलाच, तर तिचे माप कसे केले ते त्याने आधी लेखी द्यावे.

तोवर आपल्या हाती एक काम आहे. येत्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, प्रत्येक शाखेने आपल्या गावातील दहा घरे निवडावीत : एखादी टपरी, एखादी भाकरीवाली, बंगल्यावरचा माळी, रिक्षावाला, हॉटेलात चादरी बदलणारी बाई. दर रविवारी आणि दर मंगळवारी त्यांच्याकडे जावे. किती तास काम झाले, किती माणसांनी केले, हातात काय आले आणि भाव काय होता, एवढे चारच प्रश्न. "काम काय करता" हा प्रश्न विचारू नये. "काल सकाळपासून काय काय केले" असे विचारावे. नावे लिहू नयेत. आखलेल्या वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. कार्ला, भाजे, कामशेत आणि वडगावच्या साथींनी त्या आजच घेऊन जाव्यात, आणि ज्यांच्या गावाला दोन वह्या लागतील त्यांनी तसे आत्ताच सांगावे.